दैव, पुरुषकार आणि ईडिपस राजा

सोफोक्लीज या ग्रीक नाटककाराचें 'ईडिपस राजा' हें नाटक इ. स. पूर्वीच्या पांचव्या शतकांत अथेन्स नगरींत प्रथम झालें. तेथील ॲक्रोपोलिस टेकडीच्या उतारावर उघड्या आकाशाखालीं नाट्यगृह होतें. वसंतऋतूंत डायोनिसस देवाचा उत्सव भरे आणि त्या उत्सवांत नाटकांची स्पर्धा होई. सर्व भूमिका मुखवटे घातलेले तीन नट वांटून घेत, आणि पंधरा जणांचा गायकवृंद प्रजेच्या मनांतील भाव नृत्यगायनांतून प्रकट करी. या गोष्टीस आज चोवीसशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तरीसुद्धां दैव श्रेष्ठ कीं मनुष्याची इच्छा श्रेष्ठ, हा वाद निघाला कीं सुशिक्षित माणसाच्या तोंडीं या नाटकाचें नांव येतेंच; आणि बहुधा तें एकाच पक्षाचा साक्षीदार म्हणून येतें. दैवापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं, ईडिपसाचेंच पाहा ना, असें आपण म्हणतों. हा साक्षीदार खरोखर कोणत्या पक्षाचा आहे, याचा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

प्रथम कथा थोडक्यांत सांगतों. पु. ल. देशपांडे यांनीं 'राजा ओयदिपौस' या नांवानें हें नाटक मराठींत आणलें असल्यामुळें कित्येकांस ती परिचयाची असेल. थीब्ज नगरीचा राजा लेयस याला डेल्फी येथील अपोलो देवाच्या मंदिरांतून असें भविष्य कळलें कीं, त्याचा मृत्यु त्याच्या स्वतःच्या पुत्राच्या हातून होईल. पुढें राणी जोकास्टा हिला मुलगा झाला. लेयसानें त्या तान्ह्या मुलाचे दोन्ही घोटे जखडले आणि तीन दिवसांच्या आंत तें पर्वतावर टाकून देण्याची आज्ञा केली. ज्या मेंढपाळाकडे हें काम आलें त्याला दया आली. त्यानें तें मूल कॉरिंथच्या दुसऱ्या एका मेंढपाळास दिलें, आणि कॉरिंथच्या निपुत्रिक राजानें तें आपलें म्हणून वाढविलें. हाच ईडिपस. सुजलेल्या पायांचा, असा त्याच्या नांवाचा अर्थ आहे.

तो तरुण झाल्यावर एका मेजवानींत एक मद्यधुंद मनुष्य त्याला म्हणाला, तूं या राजाचा मुलगाच नव्हेस. ईडिपस खरें काय तें विचारण्यासाठीं डेल्फीस गेला. देवानें त्या प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. तूं पित्याचा वध करशील आणि मातेशीं विवाह करशील, हें मात्र सांगितलें. त्या भयानें तो कॉरिंथला परतलाच नाहीं. पुढें जेथें तीन वाटा मिळतात अशा एका ठिकाणीं, रथांतून येणाऱ्या एका वृद्धाशीं वाट सोडण्यावरून त्याचें भांडण झालें. सारथ्यानें त्याला ढकललें, वृद्धानें त्याच्या मस्तकावर प्रहार केला, आणि ईडिपसानें संतापाच्या भरांत त्या वृद्धास व त्याच्या बरोबरच्या लोकांस ठार केलें. एक नोकर तेवढा निसटला. पुढें थीब्जला छळणाऱ्या स्फिंक्स राक्षसीचें कोडें ईडिपसानें सोडविलें, आणि कृतज्ञ नगरानें त्याला रिकामें सिंहासन व विधवा राणी दिली. त्यांना चार मुलें झालीं. ज्या भविष्यापासून तो पळाला तें, तो पळाला म्हणूनच खरें झालें.

एवढ्यावरच कथा थांबवली तर दैववाद्यांचा पक्ष अगदीं निर्विवाद ठरतो. पण श्रोतेहो, येथवर मीं जें सांगितलें त्यांतलें कांहींही रंगभूमीवर घडत नाहीं. सोफोक्लीजनें नाटकाचा आरंभ केला आहे तो या सर्व गोष्टी घडून गेल्यावर, कित्येक वर्षांनीं. वध झाला आहे, विवाह झाला आहे, मुलें मोठीं होत आहेत. डेल्फीच्या भविष्यांतला एकही शब्द खरा व्हावयाचा राहिलेला नाहीं. दैवाला जें घडवावयाचें होतें तें घडवून दैव मोकळें झालें आहे. मग दोन अडीच हजार वर्षें लोकांस खिळवून ठेवणारें हें नाटक आहे तरी कशाचें? तें आहे एका चौकशीचें. जें घडून गेलें तें काय होतें, हें एक मनुष्य शोधून काढतो, एवढेंच या नाटकाचें कथानक. आणि ही चौकशी करणें न करणें सर्वस्वीं त्याच्या हातीं होतें.

चौकशीचें कारण असें कीं, थीब्जमध्यें मोठी सांथ येते. शेतें करपतात, गुरें मरतात, स्त्रियांचीं मुलें जन्मतांच दगावतात. डेल्फीहून निरोप येतो कीं, राजा लेयसाचा मारेकरी या नगरांत आहे, त्याला घालवून द्या. येथें कोणी आक्षेप घेईल कीं, ही आज्ञाही देवाचीच झाली. खरें आहे, पण आज्ञा आणि भविष्य यांत अंतर आहे. भविष्य टळत नाहीं, आज्ञा टाळतां येते. राजा मारला गेला तेव्हां थीब्जच्या लोकांनीं मारेकऱ्याचा तपास सोडूनच दिला होता. स्फिंक्सचें संकट दाराशीं असल्यामुळें पायापुरतें पाहावें लागलें, असें राणीचा भाऊ क्रिऑन स्वतः सांगतो. जें एकदां टाळलें तें पुन्हां टाळतां आलें असतें. ईडिपस तें टाळीत नाहीं. तो भर सभेंत मारेकऱ्याला शाप देतो, आणि तो मारेकरी माझ्या घरांत माझ्या माहितीनें राहत असला तर तोच शाप मलाही लागो, असें म्हणतो.

यानंतर चार वेळां त्याला थांबण्याची संधि मिळते, आणि चारही वेळां त्याला थांबविणारा मनुष्य त्याचें बरें इच्छिणारा किंवा त्याला घाबरणारा आहे. शत्रु एकही नाहीं. पहिला अंध द्रष्टा टायरेसिअस. मला घरीं जाऊं दे, म्हणजे तुझें ओझें तुला आणि माझें मला सोपें जाईल, अशी त्याची विनवणी असते. ईडिपस त्याला डिवचून बोलतें करतो, आणि तूंच तो मारेकरी, असें ऐकून घेतो. अर्थात् तें त्याला पटत नाहीं. क्रिऑन आणि हा वृद्ध मिळून माझें राज्य घेऊं पाहतात, असा संशय तो घेतो. दुसरी जोकास्टा. भविष्यें खोटीं असतात हें दाखविण्यासाठीं ती सांगते कीं, लेयस मुलाच्या हातून नव्हे तर तिवाट्यावर लुटारूंच्या हातून मेला. त्या तिवाट्याच्या उल्लेखानें ईडिपसाच्या काळजांत चर्र होतें. निसटलेल्या नोकरानें लुटारू अनेक होते असें सांगितलें होतें. एक आणि अनेक यांतील अंतर हाच आतां त्याच्या आशेचा तंतु. तो तंतु तसाच राहूं द्यावयाचा, तर त्या नोकराला बोलावून न घेणें एवढेंच पुरेसें होतें. तो त्याला बोलावून घेतो.

इतक्यांत कॉरिंथहून दूत येतो. तेथील राजा वृद्धापकाळानें वारला, ही त्याची बातमी. पितृवधाचें भय संपलें म्हणून सर्वांस हायसें वाटतें. ईडिपसाच्या मनांत मातेविषयींचें भय मात्र उरतें. तेंही दूर करावें म्हणून तो भला दूत सांगून टाकतो कीं, तुम्ही त्या राजाराणीचे नव्हेच. मींच तुम्हांला लहानपणीं लेयसाच्या एका मेंढपाळाकडून घेतलें. ज्या वाक्यानें धीर यावयाचा त्याच वाक्यानें सर्वनाश जवळ येतो. अॅरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत कलाटणीचें उदाहरण म्हणून हाच प्रसंग दिला आहे. जोकास्टा तत्क्षणीं सर्व उमगते आणि देवाची शपथ घालून त्याला आर्जवानें सांगते कीं, आतां पुढें विचारूं नको. हा तिसरा अडसर. चौथा, तो मेंढपाळ. जो नोकर तिवाट्यावरून निसटला तोच हा मूल टाकणारा मेंढपाळ निघतो. तो म्हातारा ईडिपसाच्या पायां पडतो. पुढचें बोलणें मला भयंकर आहे, असें कळवळून सांगतो. ईडिपसाला तोंवर कळून चुकलेंच आहे कीं पुढचें ऐकणें आपल्यालाही तितकेंच भयंकर आहे. तरी तो ऐकतोच.

दैवाचा अर्थ 'जें टळत नाहीं तें' असा केला, तर या चार ठिकाणीं त्याला पुढें ढकलणारी शक्ति कोणती? आपलें पंचांग ग्रहण कधीं लागणार हें आधीं सांगतें, म्हणून पंचांगकर्त्यानें ग्रहण लावलें असें कोणी म्हणत नाहीं. तसेंच देवाला भविष्य ठाऊक होतें म्हणून त्यानें तें करविलें असें नव्हे, असाही युक्तिवाद पुष्कळ विद्वान् करतात. परंतु तो या नाटकास पुरा पडत नाहीं. टायरेसिअस स्पष्ट सांगतो कीं, तुझा अधःपात करण्यास अपोलो समर्थ आहे. तो असेंही बजावतो कीं, डोळस असलेला तूं अंध होशील आणि काठीनें वाट चांचपडत परदेशीं जाशील. सोफोक्लीज देवाचा हात लपवीत नाहीं. मात्र अंधत्व कोणाच्या हातून येईल, हें टायरेसिअसही सांगत नाहीं. तेवढी जागा नाटककारानें मोकळी ठेवली आहे, आणि नाटकाचा शेवट त्याच जागेवर उभा आहे.

सत्य उघड झाल्यावर जोकास्टा गळफास घेते. ईडिपस तिच्या वस्त्रांवरचे सोन्याचे कांटे काढून स्वतःच्या डोळ्यांत खुपसतो. तो बाहेर येतो तेव्हां गायकवृंद विचारतो कीं, कोणत्या देवानें तुला हें करावयास लावलें? त्याचें उत्तर या सबंध वादाचें सार आहे. माझीं हीं दुःखें अपोलोनें आणलीं, पण डोळ्यांवर प्रहार करणारा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता, तो माझाच, असा त्या उत्तराचा आशय आहे. येथें दैव नाकारलेलें नाहीं. पण ज्या एका कृत्याची मालकी दैवाकडे जाऊं शकली असती, तें कृत्य हा मनुष्य आपल्या नांवावर लिहून घेतो.

आणि हें कृत्य पूर्वपरंपरेनेंही त्याच्यावर लादलेलें नव्हतें. होमरच्या 'ओडिसी' महाकाव्यांत हीच कथा येते. तेथें राणी गळफास घेते, पण ईडिपस डोळे फोडीत नाहीं. दुःख भोगीत थीब्जवर राज्यच करीत राहतो. तसेंच, इ. स. पूर्वी ४६७ मध्यें झालेल्या इस्किलसच्या एका नाटकांत लेयसाला मिळालेलें भविष्य सशर्त आहे. निपुत्रिक राहशील तर नगर वांचेल, असा तेथें इशारा आहे, आणि लेयस तो मोडतो. म्हणजे त्या कथेंत बापाचा अपराध आहे व मुलाला त्याचें फळ आहे. सोफोक्लीजनें ही अट गाळली. ईडिपसाला हें प्राक्तन कां, याचें एकही कारण तो देत नाहीं.

आपल्या मनाला ही गोष्ट अवघड जाते. आपणांस प्रारब्धाचा अर्थ पूर्वकर्माचा हिशेब असा शिकविलेला आहे. फळ दिसतें तर बीज कोठें तरी असलेंच पाहिजे. पाश्चात्त्य टीकाकारांसही ती तशीच अवघड गेली, म्हणून त्यांनीं ईडिपसाचा दोष शोधला. अॅरिस्टॉटलनें वापरलेल्या शब्दाचा अर्थ 'चूक' असा असतांना त्यांनीं तो 'स्वभावदोष' असा केला, आणि तो रागीट होता, गर्विष्ठ होता, म्हणून बुडाला, असें उत्तर शाळा-महाविद्यालयांतून पिढ्यान् पिढ्या लिहिलें गेलें. या उत्तरांत एक छुपें समाधान आहे: मी रागीट नाहीं, सबब माझ्यावर हा प्रसंग येणार नाहीं. परंतु ज्यास तो पिता म्हणून ओळखत नव्हता त्याचा पितृवध आणि जिला माता म्हणून ओळखत नव्हता तिच्याशीं विवाह, हीं कांहीं रागाचीं फळें नव्हेत. ई. आर. डॉड्स या विद्वानानें १९६६ मध्यें लिहिलेल्या निबंधांत या समजुतीचें चांगलें खंडन केलें आहे.

आपल्याकडेही जन्मतःच टाकलेल्या एका मुलाची कथा आहे. कर्णाची. भट्टनारायणाच्या 'वेणीसंहार' नाटकांत, सूतपुत्र म्हणून हिणविला गेलेला कर्ण उत्तर देतो कीं, कोणत्या कुळांत जन्मावें हें दैवाच्या हातीं, पण पौरुष माझ्या हातीं. ईडिपसाचें उत्तर याच जातीचें आहे. फरक एवढाच कीं कर्णाचें पौरुष रणांगणावर आहे आणि ईडिपसाचें विचारलेल्या प्रश्नांत आहे.

आतां एक गोष्ट स्वतःची सांगतों, कारण तिच्यावांचून हें नाटक मला कळलें नसतें. मी शिक्षक असतांना एक विद्यार्थी शालान्त परीक्षेंत गणितांत दोन वेळां अनुत्तीर्ण झाला. तिसऱ्या खेपेस बसावें किंवा नाहीं, हें विचारण्यासाठीं वडिलांस घेऊन तो माझ्या घरीं आला. त्याचा उतरलेला चेहरा मला पाहवेना. मी म्हणालों, "बाळ, नशिबांत नसेल तें ओढून आणतां येत नाहीं. फार मनाला लावून घेऊं नकोस." वडिलांनीं मान डोलावली. मुलानें नमस्कार केला आणि तो गेला. पुन्हां परीक्षेस बसला नाहीं. मीं दयाबुद्धीनेंच बोललों, असें मला कित्येक वर्षें वाटत होतें.

पुढें केव्हां तरी हें नाटक वाचीत असतांना जोकास्टेच्या एका बोलण्यापाशीं मी थबकलों. ती ईडिपसाला सांगते कीं, सर्व कांहीं योगायोगाच्या हातीं आहे, पुढचें कोणालाच कळत नाहीं, तेव्हां जसें जमेल तसें जगावें हेंच बरें. किती प्रेमळ उपदेश! आणि तो उपदेश ती कां करते? पुढचा प्रश्न विचारला जाऊं नये म्हणून. माझ्या लक्षांत आलें कीं त्या दिवशीं मींही तेंच केलें होतें. त्या मुलाच्या वहींत चुका कोठें होत होत्या हें मीं कधीं पाहिलेंच नव्हतें. खालच्या इयत्तेंत तो बरेच दिवस आजारी होता; अपूर्णांक कच्चे राहिले होते; वरची सारी इमारत त्या पोकळ पायावर उभी होती, आणि ही गोष्ट चार प्रश्न विचारले असते तर कळली असती. मीं ते विचारले नाहींत. 'नशीब' या शब्दानें मीं त्याचें सांत्वन केलें, आणि त्याच शब्दाखालीं माझी हयगय झांकली गेली.

त्या दिवसापासून दैव हा शब्द कोणी उच्चारला, किंवा माझ्याच ओठांवर आला, कीं मी मनाशीं एक प्रश्न विचारतों. हा शब्द चौकशी पुरी झाल्यावर आला आहे, कीं चौकशी टाळण्यासाठीं आला आहे? आपल्या दुःखाचें कारण म्हणून ईडिपस अपोलोचें नांव घेतो तें अगदीं शेवटीं. साक्षी झाल्या, पुरावा झाला, शेवटचा म्हातारा बोलून झाला, त्यानंतर. जोकास्टेच्या तोंडीं योगायोगाचें नांव येतें तें मधेंच, साक्षीदार वाटेंत असतांना. दोघांचेंही दैव एकच, दुःखही एकच. पण एक त्या शब्दानें पडदा टाकूं पाहते, आणि दुसरा पडदा दूर सारल्यावरच तो शब्द उच्चारतो.

कोणी विचारील, शेवटीं त्याला काय मिळालें? राज्य गेलें, राणी गेली, डोळे गेले. हा प्रश्न रास्त आहे, आणि सोफोक्लीजलाही तो सुटला नसावा. कारण आयुष्याच्या अखेरीस त्यानें वृद्ध ईडिपसावर पुन्हां एक नाटक लिहिलें. तें त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्वी ४०१ मध्यें, त्याच्या नातवानें रंगभूमीवर आणलें. तेथें अंध ईडिपस अथेन्सजवळच्या कोलोनस गांवीं येतो आणि ठासून सांगतो कीं, मीं तीं कृत्यें अजाणतां केलीं, न्यायाच्या दृष्टीनें मी निर्दोष आहें. तें त्याचें म्हणणें खरेंच आहे. पण लक्षांत घ्या, ही निर्दोषता सांगण्याचा अधिकार त्याला कोठून आला? आपण काय केलें हें त्यानें शेवटपर्यंत शोधून काढलें, त्यांतून. अर्ध्यावर थांबला असता, तर आपण दोषी कीं निर्दोष हेंही त्याला कधीं कळलें नसतें. आणि बाहेर सांथींत लोक मरतच राहिले असते.

तेव्हां, श्रोतेहो, दैव श्रेष्ठ कीं पुरुषकार श्रेष्ठ, याचा निकाल हें नाटक देत नाहीं. आईबाप, जन्म, वाटेंत भेटणारा मनुष्य, यांतलें पुष्कळ आपण निवडलेलें नसतें, हें तें मान्य करतें. परंतु जें घडलें तें जाणून घ्यावयाचें कीं नाहीं, आणि जाणल्यावर आपला वांटा आपल्या नांवावर घ्यावयाचा कीं नाहीं, एवढी भूमि तें मनुष्याकडे राखून ठेवतें. ती लहान वाटते खरी. पण त्या मुलाचें शिक्षण थांबलें तें तेवढ्याच भूमीवर, आणि तेथें दैव नव्हतें, मी होतों.